तवा सोडायचा आणि घर न्यायचं

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील अकराही विधानसभा मतदारसंघांचे सन्माननीय आमदार

विषय : कर्जवसुलीच्या जप्तीतून कुटुंबाचं एकमेव राहतं घर वगळण्याबाबत

स.न.वि.वि.

मी बेलीफ होतो. दिवाणी न्यायालयात २८ वर्षं समन्स, नोटिसा आणि जप्तीची वॉरंटं बजावून निवृत्त झालो. बेलीफ गल्लीत शिरला की काय होतं, हे तुमच्यापैकी ज्यांनी वकिली केली असेल त्यांना ऐकून ठाऊक असेल. पोरं पुढे पळत जाऊन वर्दी देतात. शेजारची दारं लोटली जातात, पण कडी कोणी लावत नाही, कारण बघायचं तर असतंच. माझ्या हातात कागद, मागे पंच म्हणून धरून आणलेली दोन माणसं, आणि त्यांच्या मागे डिक्रीदाराचा, म्हणजे पैसे वसूल करायचा कोर्टाचा निकाल (डिक्री) ज्याच्या बाजूने झालाय त्याचा मुनीम, जो नुसता घराकडे बघत असला तरी मनात फूटपट्टी लावत असतो. नोकरीबद्दल तक्रार करायला हे पत्र नाही. कोर्टाचा हुकूम बजावणं हे माझं काम होतं, आणि ज्याचे पैसे बुडालेत त्याला तरी कोर्टाशिवाय कोण वाली? पण एक गोष्ट २८ वर्षांत मला पटली नाही. नोकरीत असताना ती बोलायची सोय नव्हती, म्हणून आता पेन्शनीत बसून लिहितोय.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८. तिचं कलम ६० आम्हा लोकांना तोंडपाठ लागतं, कारण काय उचलायचं नाही ते त्यात लिहिलेलं आहे. अंगावर लागणारे कपडे उचलायचे नाहीत. स्वयंपाकाची भांडी नाहीत. अंथरूण-पांघरूण नाही. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला जो दागिना अंगावेगळा करता येत नाही, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, त्याला हात लावायचा नाही. कारागिराची हत्यारं नाहीत, शेतकऱ्याची अवजारं, जनावरं आणि बियाणं नाही. नवीन होतो तेव्हा नवी पेठेच्या बाजूला एका घरी डिक्रीदाराच्या माणसाने पितळी घंगाळावर बोट ठेवलं. घरमालकीण म्हणाली, हे स्वयंपाकाचं. तो म्हणाला, हे अंघोळीचं. दोघांनी मला पंच केलं. अर्धा तास वाद घालून मी घंगाळ सोडलं आणि भिंतीवरचं घड्याळ यादीत लिहिलं. नाझरसाहेबांनी, म्हणजे कोर्टातल्या आमच्या वरिष्ठांनी, नंतर विचारलं, घंगाळात भात शिजवतात का? मी म्हटलं, लग्नात शिजवतात, साहेब. ते हसले आणि अहवालावर सही केली.

त्याच संहितेचं कलम ६२ सांगतं की सूर्य मावळल्यावर आणि उगवायच्या आधी राहत्या घरात जप्तीसाठी शिरायचं नाही. परपुरुषासमोर न येण्याची चाल असलेल्या बाया आत असतील, तर आधी सांगून त्यांना बाजूला व्हायला वेळ द्यायचा. कायदा करणाऱ्यांनी किती बारीक विचार केला होता, बघा. हे सगळं मी पाळलं, आणि पाळताना बरंही वाटायचं.

आता पूर्व भागातल्या एका घराचं सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. पुढच्या पत्र्याच्या शेडात चार माग, मागे दोन खोल्या. बाप गेल्यावर घर मुलाच्या नावावर आलेलं. सुताच्या व्यापाऱ्याची उधारी थकली, दावा झाला, व्याज-खर्चासह १ लाख ८० हजारांची डिक्री झाली आणि मग दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या बजावणीचा अर्ज. स्थावराला टाच लावायला गेलो. टाच लावायची म्हणजे घरात शिरायचं नसतं. हुकमाची प्रत दर्शनी भागावर चिकटवायची, हलगी वाजवून दवंडी द्यायची, दुसरी प्रत कोर्टाच्या आवारात लावायची. आदेश २१, नियम ५४.

डिंकाची बाटली मी ऑफिसातच विसरलो होतो. दारात कागद घेऊन इकडेतिकडे बघत उभा. आतून म्हातारी आली, त्या घरची अव्वा. मुलगा सूत बघायला बाहेर गेलेला. तिला मराठी मोडकं यायचं, मला तेलुगू तेवढंच. कागदाकडे बघितलं, माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं आणि आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेणार. तिने गॅसवर छोटं पातेलं ठेवलं, मूठभर कणीक पाण्यात कालवून घातली आणि खळ करत बसली. माग बंद होते, त्यामुळे पळी पातेल्याला लागायचा आवाज बाहेर ऐकू येत होता. वाटीत ओतून आणून दिली आणि म्हणाली, "गरम हाय बाळा, बोट भाजंल."

तिच्याच कणकेने मी तिच्या घराची जप्ती तिच्या भिंतीला चिकटवली. ते पातेलं मला उचलता येत नव्हतं, ती वाटीसुद्धा. ज्या भिंतीवर मी हात फिरवून कागद सपाट करत होतो, ती मात्र लिलावाला निघाली होती.

पुढे त्यांच्या वकिलाने हरकत घेतली. कलम ६० मध्ये घरालाही संरक्षण आहे, खंड (ग) मध्ये. पण ते तिघांनाच आहे : शेतकरी, मजूर आणि घरगडी. यांच्या मालकीचं आणि ते स्वतः राहत असलेलं घर पैशाच्या डिक्रीत जप्त होत नाही. वकिलाचं म्हणणं, हा पोरगा स्वतः १२ तास मागावर उभा असतो, मग हा मजूरच. समोरचा म्हणाला, दोन कामगार ठेवलेत, लघुउद्योगाच्या नोंदणीवर 'मालक' लिहिलंय. कागद मालकाच्या बाजूचा निघाला. कायद्याच्या स्पष्टीकरणात 'मजूर' म्हणजे कुशल, अकुशल, अर्धकुशल सगळे येतात, पण चार मागांचा धनी त्यात बसवायला कोणी तयार नव्हतं. लिलाव झाला. विक्रीनंतरही सगळी रक्कम आणि खरेदीदाराला देण्यासाठी किमतीचे ५ टक्के कोर्टात भरले, तर ६० दिवसांच्या आत विक्री रद्द करून घेता येते. त्यांना ते जमलं नाही. ताबा द्यायला गेलो तेव्हा त्यांनी सामान हातगाडीवर भरून ठेवलं होतं. तवा, परात, पातेली, गाद्या, देवांचे फोटो. एकही भांडं कमी नव्हतं.

सोलापुरात अशी माणसं किती आहेत ती तुम्ही मोजा, मतदार यादी तुमच्याकडेच असते. दोन-चार मागांचा धनी, शिलाई मशीन टाकून बसलेला शिंपी, रिक्षावाला, पानटपरीवाला, खाजगी दवाखान्यातली नर्स, गिरणी बंद झाल्यावर पेठेत किराणा मांडलेला जुना जॉबर, म्हणजे गिरणीतला मुकादम. हे शेतकरी नाहीत, घरगडी नाहीत, आणि मजूर म्हणावं तर कोर्टात वाद. विडी वळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या नावावर घर असेल, तर ते मजुराचं म्हणून वाचतं. तिने पोराला शिकवलं, त्याने मोबाइलचं दुकान काढलं, तिच्यामागे घर त्याच्या नावावर आलं, की संरक्षण गेलं. कुंभारीला रे नगरमध्ये १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते १५ हजार घरांच्या चाव्या दिल्या. त्याआधी तिथेच गोदूताई परुळेकरांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत झाली. एवढी लढून, एवढा सरकारी पैसा घालून डोक्यावर छप्पर आलं. ते पुढच्या पिढीत एका हातउसन्याच्या डिक्रीत जाऊ नये, एवढी तजवीज करणं त्यामानाने फारसं अवघड नाही.

हे मी नवं काही मागत नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला आणि नगरकडे शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. तो सुरुवातीला चारच जिल्ह्यांना लागू होता : पुणे, सातारा, नगर आणि आपलं सोलापूर. त्यात कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद केलं, आणि स्थावर त्या कर्जाला खास गहाण दिलेलं नसेल तर साध्या डिक्रीत विकायचं नाही असं ठरवलं. न्यायमूर्ती रानडे या कायद्याखाली खास न्यायाधीश होते. म्हणजे 'गहाण दिलंय' आणि 'नुसतं नावावर आहे' यांतला फरक या जिल्ह्याच्या कोर्टांनी परकीय सरकारच्या काळातच शिकलेला होता. परक्यांना दिसलं ते आपल्याला दिसत नसेल, तर काय बोलायचं!

आणि पंजाब-हरियाणात तर हे आजही चालू आहे. त्यांच्याकडे कलम ६० ला राज्य दुरुस्ती आहे, १९४० च्या सुमाराची. वकील मंडळी तिला खंडाच्या इंग्रजी अक्षरांवरून 'सीसीसी' म्हणतात. शेतकरी नसलेल्या माणसाचं, तो स्वतः राहत असलेलं एक मुख्य राहतं घर आणि त्याला लागून असलेलं बांधकाम जप्तीतून वगळलेलं आहे. ज्या कर्जाला ते घर खास तारण दिलंय, त्या कर्जाला मात्र हे संरक्षण नाही. बस, एवढंच. तिकडे कर्ज मिळायचं थांबलं नाही आणि व्यापारीही उपाशी मेले नाहीत. आपल्याही राज्याने मुंबई प्रांताच्या काळात या कलमाला हात लावलेला आहे, तेव्हा कलम ६० म्हणजे काही सोवळ्यातलं नाही.

आता घरचंच सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आम्ही दाजी म्हणतो. शिलाईचं दुकान, हाताखाली दोन पोरं. दुकानाशेजारच्या मित्राला एका पतसंस्थेतून ३ लाख काढायचे होते, दोन जामीनदार लागत होते. दाजींनी चहा पिता पिता सही केली. अक्काला पत्ता नाही. मित्र दोन वर्षं हप्ते भरत होता, मग भिवंडीला गेला तो गेलाच. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला घेतला. हा दाखला म्हणजे डिक्रीच समजा, फक्त कोर्टाची पायरी न चढता मिळते. नियम १०७ खाली वसुली अधिकाऱ्याने घराला जप्तीची नोटीस लावली. मित्राच्या नावावर गावाकडे जागा होती. पण ती शोधायची, तिकडचा उतारा काढायचा, कोण करणार? दाजींचं घर दुकानापासून चालत दहा मिनिटं. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, त्यामुळे आधी कोणाला धरायचं हे पतसंस्थेच्या मर्जीवर. वकील म्हणाले, दाखल्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करता येतो, कलम १५४, पण आधी रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. आकडा तोवर साडेपाच लाखांच्या पुढे गेलेला. घर वाचवायला जो अर्ज करायचा, त्याच्यासाठीच घर विकावं लागेल अशी गत.

मी २८ वर्षं लोकांना दारात नोटीस देत आलो. अक्काच्या दारावरची वाचताना मात्र एक ओळ तीनदा वाचली तरी डोक्यात शिरेना.

शेवटी दाजींनी दुकान सोडून त्याची पागडी घेतली आणि ओटीएस, म्हणजे एकरकमी तडजोड, केली. घर राहिलं. आता ते घरातच मशीन टाकून ब्लाउज शिवतात. त्या पतसंस्थेचं मी नाव घेणार नाही, आणि खरं सांगायचं तर पुरता रागही नाही. तिच्या ठेवीदारांत आमच्याच गल्लीतली दोन म्हातारी जोडपी होती, पोरीच्या लग्नाला ठेवलेले पैसे अडकलेली. वसुली झाली नाही तर त्यांनी कुठे जायचं? हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार आणि तो रास्त आहे. पण ठेवीदाराचा पैसा कर्ज देतानाच सांभाळायचा असतो. ३ लाख देताना कर्जदाराच्या गावची जागा कोणी बघितली नाही, जामीनदाराचं घर जवळ आहे एवढंच बघितलं.

एक गोष्ट मला वकिलांनी दाखवली तेव्हा हसावं की रडावं कळेना. २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे ना, बड्या कंपन्यांचा. त्यात व्यक्तींच्या दिवाळखोरीच्या भागात कलम ७९ आहे. कशाला हात लावायचा नाही त्याची तिथे यादी आहे, आणि त्या यादीत बोजा नसलेलं एक राहतं घर आहे, ठरवून दिलेल्या किमतीपर्यंत. म्हणजे दिल्लीने तत्त्व मान्य केलंय. पण तो भाग सध्या लागू आहे तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना, १ डिसेंबर २०१९ पासून. कंपनीच्या कोट्यवधींच्या कर्जाला जामीन राहिलेल्या शेठजीसाठी निदान एक कलम आहे. शेजाऱ्याच्या ३ लाखांना जामीन राहिलेल्या दाजींसाठी नाही.

बँकेला रीतसर गहाण दिलेल्या घराबद्दल मी फार लांबण लावणार नाही. घर घ्यायला काढलेलं कर्ज फेडलं नाही, तर बँक घर घेणारच. तिथे सरफेसी कायदा, २००२ आहे. खातं थकीत ठरलं की ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, आणि दाद मागायची तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरण, म्हणजे सोलापूरकराने पुण्याची गाडी पकडायची. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये सांगितलंय, आणि तो खटला आपल्याच राज्यातल्या एका सहकारी बँकेचा होता. यात दोन गोष्टी खटकतात. शेतजमीन गहाण असली तरी या कायद्याने घेता येत नाही. शहरातल्या माणसाची शेती म्हणजे त्याचं घर-कम-दुकान, त्याला असं काही नाही. आणि १ लाखापर्यंतच्या कर्जाला हा कायदा लावायचा नाही अशी मर्यादा आहे, ती २००२ साली १ लाख होती, आजही १ लाखच आहे. तेव्हाच्या लाखात काय यायचं आणि आता काय येतं ते तुम्हीच सांगा. रुपयाचे आकडे कायद्यात घातले की ते तिथेच गंजतात. कलम ६० मध्ये पगारातले पहिले १ हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून वगळलेत. ते १ हजार २००२ पासून १ हजारच आहेत.

गहाणाच्या बाबतीत तुम्हाला करता येईल असं एकच मागतो : राहतं घर तारण देताना नवरा किंवा बायको, जो मालक नसेल त्याची सही लागावी, आणि ती मराठीत वाचून दाखवून घेतलेली असावी. आपल्याकडे खरेदीखत बँकेत नेऊन ठेवलं की गहाण झालं. बाईला ते कळतं थेट नोटीस आल्यावर, कपाटात कागद सापडेना म्हणून. जिने २० वर्षं त्या घराला शेणा-रंगाने सारवलं, तिचं नाव उताऱ्यावर नाही म्हणून तिला कोणी विचारतही नाही.

आता तुम्ही म्हणाल, लबाड लोक बंगले बांधतील आणि धनकोला वाकुल्या दाखवतील. दाखवतील. मी असे पाहिलेत. एका महाशयांनी दारात दोन गाड्या उभ्या असताना मला सांगितलं होतं की मी मजूर आहे. म्हणून मर्यादा घाला, पण पैशात घालू नका, क्षेत्रफळात घाला. घरकुल योजनेत अल्प उत्पन्न गटाचं घर म्हणजे ६० चौरस मीटर चटईक्षेत्र, ही व्याख्या सरकारचीच आहे. तेवढं सोडा, त्यावरचं असेल तर कोर्टाने बघावं. पोटगीच्या वसुलीला हे संरक्षण मुळीच देऊ नका. बायको-पोरांना टाकून देणारा नवरा घराच्या आड लपतो, हेही मी दारात उभं राहून बघितलंय. घरपट्टी, पाणीपट्टी आणि त्याच घराच्या बांधकामाची देणी हीदेखील वगळा. आणि धनकोचा दावा बुडत नाही, हे लोकांना नीट सांगा. डिक्री कायम राहते. पगार, दुकानातला माल, ठेवी, दुसरी जागा, सगळं तिच्या आवाक्यात असतं. कर्जदाराने घर स्वतःहून विकलं, तर ते पैसेही.

कसं करायचं तेही विचारून ठेवलंय. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत येते, म्हणून विधानसभेला दुरुस्ती करता येते, राष्ट्रपतींची संमती मात्र लागेल. त्याला वेळ जाईल. सहकारी संस्था हा राज्याचाच विषय आहे. पतसंस्थांच्या वसुलीत राहतं घर वगळायला आणि जामीनदाराच्या घराला हात लावण्याआधी कर्जदाराची मालमत्ता शोधणं सक्तीचं करायला दिल्लीकडे बघावं लागत नाही. त्यामुळे सुरुवात तिथून व्हावी, अशी विनंती आहे. ५० टक्के भरण्याची अटही, वाद राहत्या घराच्या जप्तीचा असेल तिथे, काढून टाकावी.

तुम्ही अकराजण वेगवेगळ्या पक्षांचे आहात. मी ज्या दारांवर कागद लावले, तिथेही सगळ्या पक्षांचे झेंडे असायचे. अशासकीय विधेयक कोणीही एकाने मांडावं, बाकीच्यांनी सही करावी. मसुदा वकिलांकडून तपासून घ्यालच. तरी मी अर्ज-अहवाल लिहिण्यातला माणूस, राहवलं नाही म्हणून हाताने लिहिलेला खाली देतो (त्यात 'निर्णीत ऋणको' म्हणजे ज्याच्यावर डिक्री झाली तो कर्जदार) :

"कलम ६०, पोटकलम (१) च्या परंतुकातील खंड (ग) नंतर पुढील खंड समाविष्ट करण्यात येईल : (गग) खंड (ग) मध्ये न येणाऱ्या निर्णीत ऋणकोच्या मालकीचे आणि तो किंवा त्याचे कुटुंब प्रत्यक्ष राहत असलेले, ६० चौरस मीटरपेक्षा अधिक चटईक्षेत्र नसलेले एक राहते घर, त्याला लागून असलेल्या व त्याच्या वापरासाठी आवश्यक जागेसह, ऋणको मयत असल्यास त्याचा वारस त्या घरात राहत असेपर्यंतही. परंतु, ज्या ऋणासाठी ते घर विनिर्दिष्टपणे तारण दिलेले असेल त्या ऋणाच्या, निर्वाह खर्चाच्या, किंवा त्याच घरावरील कर वा त्याच्या बांधकामाच्या देण्याच्या वसुलीस हा खंड लागू होणार नाही."

हा हक्क सोडून देतो असं कर्जाच्या कागदावर लिहून घेतील, अशी भीती नको. कलम ६० चा हक्क सोडण्याचा करार रद्दबातल असतो, ते पोटकलम (१क) मध्ये आधीच आहे.

भेटीची वेळ दिलीत तर कागद घेऊन येईन. दुपारी दिलीत तर बरं, गुडघ्यांमुळे सकाळी लवकर निघणं होत नाही.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त बेलीफ,
पूर्व भाग, सोलापूर